ही साखर कुणाच्या घरची?

पत्र: डॉक्टर, आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा. श्रावणात त्याला सारखी तहान लागायची, रात्री लघवीला उठायचा, अंगावरचं मांस उतरत चाललं होतं. आम्हाला वाटलं, वाढीचं वय आहे. मग उलट्या सुरू झाल्या, धाप लागली म्हणून इस्पितळात नेलं, तर साखर पाचशेच्या वर. टाइप 1 मधुमेह निघाला. आता रोज चार वेळा इन्सुलिन घेतो. माझ्या वडिलांना पन्नाशीत मधुमेह झाला होता. तेवढ्यावरून सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की ही साखर सुनेच्या माहेरून आली. नवरा गप्प. गेल्या पंधरवड्यात इन्सुलिनचा डोस निम्म्यावर आलाय. सासूबाई म्हणतात, त्यांचा काढा लागू पडला, आता सुया बंद करा. थोरली मुलगी चौदा वर्षांची. ती परवा रात्री विचारत होती, ‘मलापण होणार?’ एका लॅबवाल्याने तिची जीन टेस्ट करा म्हणून सुचवलंय, पैसे बरेच सांगितलेत. करावी का? आणि आपलंच शरीर आपल्याच एवढ्याशा अवयवावर का उठतं? माझ्याकडून काही कमी पडलं का? – एक आई

उत्तर:

ताई, आधी काढ्याचं बोलू, कारण त्यात उशीर परवडणार नाही. इन्सुलिन बंद करू नका. एक दिवससुद्धा नको.

डोस उतरतोय तो काढ्याने नाही. मुलाला इस्पितळात नेलं तेव्हा त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बऱ्याचशा बीटा पेशी गेलेल्या होत्या, पण सगळ्या नव्हे. उरलेल्या पेशी चढलेल्या साखरेने पार थकून गेल्या होत्या. बाहेरून इन्सुलिन मिळालं, त्यांच्यावरचा भार उतरला आणि त्या पुन्हा थोडंफार काम करू लागल्या. पहिल्या काही आठवड्यांत असं पुष्कळ मुलांत होतं. आम्ही डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतो. तो काही महिने टिकतो, एखाद्यात वर्षभरही. या काळात डोस कमी करावाच लागतो, नाही तर साखर एकदम खाली जाते. म्हणून डॉक्टर सांगतील तितका कमी करा, पण शून्यावर आणू नका. इन्सुलिन थांबलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचतं आणि श्रावणात पाहिलीत तीच उलट्यांची आणि धापेची अवस्था परत येते. सासूबाईंचा जीव नातवावर आहे, म्हणूनच त्या काढा उकळतात. त्यांना पुढच्या भेटीला सोबत न्या, काढ्यात काय काय घालतात ते डॉक्टरांना सांगू दे, आणि हनिमूनची गोष्ट त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे.

आता माहेरचं.

तुमच्या वडिलांना झाला तो बहुधा टाइप 2. त्यात इन्सुलिन बनत असतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही, आणि हळूहळू पेशी पुऱ्या पडेनाशा होतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत त्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने बीटा पेशी मारल्या. हे दोन वेगळे आजार आहेत. एका बारीक ठिकाणी ते एकमेकांना भेटतात, ते पुढे सांगते. पण ‘आजोबांची साखर नातवात उतरली’ असा सरळ हिशोब इथे लागत नाही. टाइप 1 झालेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या, म्हणजे शंभरातल्या पंचाऐंशी-नव्वदांच्या, जवळच्या नात्यात हा आजार आधी कुणालाच नसतो.

मग जनुकांचा संबंधच नाही का? आहे, आणि मोठा आहे. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाचा जनुकांचा एक गट असतो. टाइप 1च्या आनुवंशिक जोखमीचा जवळजवळ अर्धा वाटा या एकट्या गटाचा. या जनुकांपासून जे रेणू बनतात, त्यांच्या खाचेत प्रथिनांचे तुकडे धरून ते प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींपुढे मांडले जातात, म्हणजे आपलं कोण आणि परकं कोण ते त्यांनी ओळखावं. खाच जराशी बदलली की कुठला तुकडा कसा बसतो ते बदलतं. जॉन टॉड, जॉन बेल आणि ह्यू मॅकडेव्हिट यांनी 1987 साली दाखवून दिलं की डीक्यू नावाच्या एचएलए रेणूच्या एका साखळीत 57व्या जागी कुठलं अमिनो आम्ल बसलंय, यावर जोखीम पुष्कळशी हलते. तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल असलं तर बहुतेक वेळा बचाव, नसलं तर धोका. एवढ्या मोठ्या रेणूत एका जागेचा फरक!

या एचएलए गटातले धोक्याच्या बाजूचे दोन प्रकार जगभर ओळखीचे आहेत, डीआर3 आणि डीआर4. आपल्या भारतीय मुलांत डीआर3चं पारडं जड दिसतं. सगळ्यात जास्त जोखीम कुणाला, तर ज्याच्याकडे एक डीआर3 आणि एक डीआर4 आहे त्याला. आणि इथेच सासूबाईंचा आरोप गळून पडतो. या गटाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. ती जोडी एका घरातून येऊच शकत नाही. तुमच्या मुलाच्या प्रती कुठल्या, ते मला ठाऊक नाही. पण ज्या कुठल्या आहेत, त्यातली एक त्याच्या बापाच्या घरची आहे, हे तपासणीशिवाय सांगता येतं. त्याचे वडील गप्प बसले आहेत ना, त्यांनी हे वाक्य घरात मोठ्याने वाचावं अशी माझी इच्छा आहे. सुनेला घरात असं एकटं पाडलेलं मी कित्येक घरांत पाहिलंय, आणि दर वेळी पोराचे हाल झालेत, कारण त्या बाईचं लक्ष सुईवरून उडून बोलण्यांवर जातं.

हे प्रकार मुळात दुर्मीळ नाहीत, हेही लक्षात घ्या. डीआर3 किंवा डीआर4 घेऊन कितीतरी माणसं ऐंशी वर्षं जगतात, साखरेची गोळीसुद्धा न घेता. त्या जनुकांना दोष म्हणणंही चूकच.

आता तुमच्या त्या प्रश्नाकडे येते, आणि मला तो या पत्रातला सगळ्यात मोलाचा वाटला: एवढ्याशा अवयवावर का?

कित्येक वर्षं आम्ही याचं उत्तर एका बाजूनेच शिकलो आणि शिकवलं. प्रतिकारशक्ती बिघडते, हल्ला करते, बिचाऱ्या बीटा पेशी मरतात. ते खरंच आहे, पण अर्धंच. जुवारी नदीकाठच्या खाजनाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेताचा, बांध फुटतो तेव्हा गावात कुणी नुसत्या भरतीला बोल लावत नाही. बांध कुर्ल्यांनी आतून किती पोखरला होता, तेही बघतात. बीटा पेशींचंही तसंच आहे. हल्ला किती जोराचा, हे काही जनुकं ठरवतात. हल्ला सोसायची पेशीची ताकद किती, हे दुसरी काही.

बीटा पेशीचं काम मुळातच जिकिरीचं. जेवण झालं की एकेक पेशी मिनिटाला लाखांच्या घरात इन्सुलिनचे रेणू तयार करते. प्रत्येक रेणूची घडी नीट बसायला लागते. घाई झाली की घड्या चुकतात, पेशीच्या आत ताण साचतो. त्यातून ऑक्सिजनच्या तापट रेणूंपासून वाचवणारी विकरं या पेशीत यकृताच्या मानाने फारच कमी. ताण वाढला की अर्धवट, विचित्र प्रथिनं तयार होतात आणि ती टी-पेशींना अनोळखी वाटू शकतात. भोवती जळजळ सुरू झाली की हीच पेशी आपल्या अंगावरचे एचएलए रेणू वाढवते, म्हणजे हल्लेखोरांना ती आणखी ठळक दिसू लागते. शेजारीच, त्याच पुंजक्यात, साखर वाढवणारं ग्लुकागॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी असतात. आग त्यांच्याही दारात असते, पण त्या तग धरतात.

हे नुसतं ताणाचं झालं. त्यात जनुकांचा हात कुठे? टाइप 1शी जोडलेल्या जागा आजवर साठाहून जास्त सापडल्या आहेत. त्यांतली बरीच जनुकं प्रतिकारशक्तीच्या पेशींत तर चालतातच, पण खुद्द बीटा पेशींतही चालू असतात. ब्रसेल्सचे देसियो आयझिरिक आणि त्यांचे सहकारी यांनी या विषयावर पुष्कळ काम केलंय. आयएफआयएच1 हे जनुक घ्या. पेशीत विषाणू शिरला की हे ओळखतं आणि गजर वाजवतं. 2009 साली असं दिसलं की ज्यांच्यात या जनुकाचं काम काही दुर्मीळ बदलांमुळे मंदावलेलं असतं, त्यांना टाइप 1 कमी होतो. म्हणजे गजर जोराचा असला की विषाणू कळतो खरा, पण त्याच्या गोंगाटात पेशीचंच नुकसान होतं. कॉक्सॅकी बी जातीच्या विषाणूंवर संशय आहे तो यामुळेही. पीटीपीएन2 हे दुसरं: ते त्या गजराला ब्रेक लावतं, आणि ब्रेक कमजोर असला की बीटा पेशी जळजळीत लवकर मरते.

आणि ग्लिस3 हे तिसरं जनुक. दोन आजार भेटतात म्हटलं, ते इथे. 1980 साली जपानमध्ये नोंदलेली एनओडी नावाची उंदरांची एक जात आहे, तिला आपोआप टाइप 1सारखा मधुमेह होतो. सगळे समजत होते की दोष या उंदरांच्या प्रतिकारशक्तीतच आहे. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या गटाने 2016 साली दाखवलं की प्रतिकारशक्ती बाजूला ठेवली तरी यांच्या बीटा पेशी ताण आला की लवकर कोसळतात. त्यामागे ग्लिस3चं कमी पडणं होतं, आणि डीएनएची मोडतोड दुरुस्त करणाऱ्या एक्सआरसीसी4 या जनुकातला बदलही. माणसांत ग्लिस3चे प्रकार टाइप 1शी जोडलेले आहेत तसे टाइप 2शीही. तेव्हा तुमच्या वडिलांकडून बांधाचा एखादा कच्चा दगड आला असेलही. पण तसे दगड दोन्ही घरांत सापडतील, आणि नुसत्या त्यांनी नऊ वर्षांच्या मुलाला हा आजार होत नाही.

एक जागा राहिली, अकराव्या गुणसूत्रावर, इन्सुलिनच्या जनुकाला लागून. तिथे एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कुणात कमी वेळा, कुणात जास्त. छातीत, हृदयाच्या वर, थायमस नावाची ग्रंथी असते. टी-पेशी तिथे घडतात आणि आपल्या शरीरातल्या वस्तूंची ओळख त्यांना तिथेच करून दिली जाते. तो तुकडा लांब असला की थायमसमध्ये इन्सुलिन दोन-तीन पट जास्त दाखवलं जातं, आणि इन्सुलिनवर उठणाऱ्या टी-पेशी तिथल्या तिथे बाद होतात. आखूड असला की त्यातल्या काही निसटतात. स्वादुपिंडच का, याच्या उत्तराचा हा एक पक्का धागा आहे. नुसतं एचएलए ते ठरवत नाही, कारण त्याचे तेच प्रकार सिलिअ‍ॅक या गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडणाऱ्या आजारात, थायरॉइडच्या आजारातही दिसतात. म्हणून तुमच्या मुलाचं थायरॉइड आणि सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी डॉक्टर अधूनमधून सांगतील, ती टाळू नका.

एवढी जनुकं सांगितली, आता त्यांची मर्यादाही सांगते. जुळ्या भावंडांत, अगदी एकाच बीजाच्या, एकाला टाइप 1 झाला तर दुसऱ्याला होईलच असं नाही. निम्म्याहून कमी जोड्यांत काही वर्षांत दोघांना होतो, काहींना फार उशिरा, पुष्कळांना कधीच नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1980च्या आगेमागे एक धाडसी उपचार झाला. आजारी जुळ्याला त्याच्या निरोगी जुळ्याच्या स्वादुपिंडाचा अर्धा भाग बसवला. जनुकं तीच, त्यामुळे अवयव नाकारला जाण्याची भीती नव्हती. तरी थोड्याच काळात नव्या तुकड्यातल्या बीटा पेशी मारल्या गेल्या. तेच ऊतक, तीच जनुकं, निरोगी भावंडाच्या पोटात वर्षानुवर्षं सुखरूप होतं! मला हा दाखला विसरता येत नाही. पेशी कितीही नाजूक असली तरी तिच्यावर हल्ला पेटावा लागतो, आणि तो पेटणं नुसत्या जनुकांच्या हातात नाही.

म्हणून ताई, ‘माझ्याकडून काही कमी पडलं का’ याचं उत्तर नाही असंच आहे. तुम्ही गरोदरपणात काय खाल्लंत, मुलाला लाडू किती दिलेत, लस टोचलीत, यातल्या कशाने हे झालेलं नाही. गोड खाण्याने टाइप 1 होत नाही. लक्षणं तुम्हाला लगेच उमगली नाहीत, पण तहान आणि बारीक होणं हे वाढीच्या वयाचं वाटणं साहजिक आहे. पुष्कळ आयांना, आणि डॉक्टरांनासुद्धा, तसं वाटतं.

आता थोरली. तिला खरं सांगा. चौदा वर्षांची मुलगी अर्ध्या उत्तराने जास्त घाबरते. युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांच्या नोंदींत, एका भावंडाला टाइप 1 असेल तर दुसऱ्याला आयुष्यात होण्याची शक्यता शंभरात साधारण पाच-सहा. एरवीच्या माणसापेक्षा जास्त, पण शंभरातल्या नव्वदांहून अधिक भावंडांना होत नाही. आई-बापाच्या एचएलएच्या दोन्ही प्रती तिला भावासारख्याच आल्या असतील याची शक्यता चारात एक; एकही तशी आली नसेल, याचीही चारात एक.

लॅबवाल्याची जीन टेस्ट करू नका. ती जोखीम सांगेल, आजार चालू झालाय की नाही ते सांगणार नाही, आणि आकडा ऐकून मुलगी रात्ररात्र जागेल. आणखी एक कारण आहे. जनुकांवरून जोखमीचा जो हिशोब मांडतात, तो मुख्यतः युरोपीय लोकांच्या माहितीवर बेतलेला. पुण्याचं केईएम इस्पितळ, हैदराबादचं सीसीएमबी हे पेशी-जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आणि इंग्लंडमधलं एक्सेटर विद्यापीठ यांनी 2020 साली तो भारतीय रुग्णांवर लावून पाहिला. टाइप 1 की टाइप 2 हे ओळखायला तो आपल्याकडेही कामाला येतो, पण युरोपीयांत जितकी धार आहे तितकी इथे नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत तर प्रश्नच वेगळा आहे: पुढे होईल का, एवढाच.

तिच्यासाठी विचारायची असेल तर अँटिबॉडीची तपासणी विचारा. इन्सुलिन, जीएडी, आयए-2 आणि झिंक ट्रान्सपोर्टर 8 या बीटा पेशींतल्या चार प्रथिनांविरुद्ध रक्तात अँटिबॉडी आहेत का, ते त्यात पाहतात. हल्ला सुरू झाल्याची ती खूण. लहानपणापासून पाठपुरावा केलेल्या मुलांत असं दिसलं की दोन किंवा जास्त अँटिबॉडी आलेल्यांपैकी शंभरात सत्तरांना पुढच्या दहा वर्षांत मधुमेह झाला. एकच आली असेल तर शक्यता पुष्कळ कमी. एकही नसली तर आनंद माना, पण आयुष्यभराची हमी धरू नका. आजची तपासणी आजचं सांगते, काही वर्षांनी ती पुन्हा करावी लागू शकते. पूर्वी आम्ही ही तपासणी भावंडांना फारशी सुचवत नव्हतो, कारण कळून उपयोग काय असा प्रश्न होता. 2022च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. दोन अँटिबॉडी आलेल्या आणि साखर किंचित हललेल्या माणसांत त्याने आजार सुरू होणं साधारण दोन वर्षं लांबलं. औषध फार खर्चिक आहे, ते आज तुमच्या दारात येईल असं मी म्हणत नाही. पण आधी कळलं तर मूल धापा टाकत इस्पितळात जात नाही, एवढा फायदा तरी कुठल्याही औषधाशिवाय मिळतो. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) मुलाच्या भेटीला जाल तेव्हा तिथल्या डॉक्टरांना याबद्दल विचारा. घाई मुळीच नाही.

त्याआधी घरातलं यंत्र आहेच. मुलीला विनाकारण रोज टोचू नका, तिच्या बोटांना भावाच्या आजाराची शिक्षा नको. पण तिला फार तहान लागली, रात्री सारखी उठू लागली, वजन उतरलं, तर त्याच दिवशी भावाच्या ग्लुकोमीटरवर साखर बघा. अशा लक्षणांसोबत कधीही मोजलेली साखर दोनशे किंवा त्याहून वर आली, तर उद्यावर टाकू नका. हे तिलाही सांगून ठेवा.

सासूबाई एक दिवस विचारतील, उद्या याच्या मुलांचं काय? बापाला टाइप 1 असेल तर मुलांतली जोखीम शंभरात साधारण सहा. लग्न, मुलंबाळं, सगळं होईल. तोवर वीस वर्षं आहेत, आणि या शास्त्रात वीस वर्षं लहान नाहीत.

दिवाळी तोंडावर आली आहे. गोडाचे फोव (पोहे), दुधातले फोव तो खाऊ शकतो, वाटी मोजून आणि त्याप्रमाणे इन्सुलिन घेऊन. हनिमूनमध्ये डोस जपून वाढवायचा असतो, म्हणून आकडा आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. वाटी मोजायचं काम त्याच्या वडिलांकडे द्या.